ट्रेलरमध्ये होतं ते गेममध्ये कुठे गेलं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवीन ट्रेलर आला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता जल्लोष असतो आणि गेम आला की दोन आठवडे शिव्या, आणि दोन्ही वेळेला प्रश्न मलाच, कारण मी जेल रोडजवळ पीसी जोडून द्यायचं काम करतो म्हणून सगळ्यांना वाटतं की गेम पण मीच बनवतो. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आता कुणी विचारलं की हेच पाठवणार.

ट्रेलर आणि गेम वेगळे का दिसतात?

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे मिलच्या झांक्या, म्हणजे हलते देखावे, निघतात ना, रात्रभर जागून बघतो आपण. समोरून बघितलं तर देव हलतोय, राक्षसाचं तोंड उघडतंय, लाइटिंग अशी की डोळे फिरावेत. लहानपणी मी एकदा झांकीच्या मागे जाऊन बघितलं तर बांबू, तारा, भडभड करणारा जनरेटर आणि एक काका बिडी ओढत दोरी खेचत होते. डेमो, म्हणजे गेम यायच्या आधी कंपनी दाखवते तो नमुना, तो हेच. एक गल्ली, पाच मिनिटं, कॅमेरा कुठून कुठे जाणार ते आधीच ठरलेलं, त्यामुळे जे कॅमेऱ्यात येणार नाही ते बनवायचंच नाही आणि मशीनची सगळी ताकद समोरच्या त्या एका तुकड्यावर ओतायची. गेमवाले अशा तुकड्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात, म्हणजे अख्खा केक अजून भट्टीत पण गेलेला नाही आणि क्रीम लावलेला एक तुकडा तुमच्या पुढ्यात.

खऱ्या गेममध्ये मात्र तुम्ही कुठे पण जाऊ शकता, भिंतीकडे तोंड करून उभे राहाल, गाडी उलटी चालवाल, पुलावरून उडी माराल, आणि दर वेळेला मशीनला ते दाखवावंच लागतं. सेकंदाला साठ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक चित्र) चालवायचं तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, तीसने चालवायचं तर ३३.३. सावल्या, पाऊस, रस्त्यावरच्या माणसांची अक्कल, आवाज, सगळं तेवढ्यात बसवायचं. कॉम्प्युटरवर आधीच रेंडर करून, म्हणजे चित्रं बनवून, ठेवलेल्या व्हिडिओला हे बंधन नाही, त्यातली एक फ्रेम बनायला तास लागला तरी बघणाऱ्याला काय कळतंय.

शिवाय डेमो दाखवतात दोन-तीन वर्षं आधी, तेव्हा गेम कुठल्या मशीनवर किती चालेल हे बनवणाऱ्यांना पण नीट माहीत नसतं.

सिनेमॅटिक, इन-इंजिन, गेमप्ले... हे सगळं एकच ना?

नाही, आणि अर्धी भांडणं इथेच होतात. सिनेमॅटिक म्हणजे सरळ सरळ ॲनिमेशन फिल्म, बऱ्याचदा गेम बनवणारी कंपनी ती बनवतच नाही, बाहेरच्या स्टुडिओला देते. २०११ च्या फेब्रुवारीत डेड आयलंडचा ट्रेलर आला होता, उलटा चालणारा, हॉटेलच्या खिडकीतून पडलेली छोटी मुलगी आणि तिचे आईबाप, मागे हळू पियानो. तो स्कॉटलंडच्या ॲक्सिस स्टुडिओने बनवला होता आणि कान्सच्या जाहिरात महोत्सवात त्याला बक्षीस पण मिळालं. सप्टेंबरमध्ये गेम आला तर काय, वल्हं घेऊन झोंबींना बडवत फिरा. वाईट नव्हता, मी मजेत खेळलो, पण ट्रेलर बघून जो गळा भरून आला होता त्याचा गेमशी काही संबंध नव्हता.

इन-इंजिन हा सगळ्यात चलाख शब्द. याचा अर्थ एवढाच की गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये हे चित्र बनवलंय. तुमच्या मशीनवर तसंच चालेल असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. दिग्दर्शकाने एकेक शॉट लावून, लाइट हलवून, वाटेल तितक्या ताकदीच्या पीसीवर सावकाश रेकॉर्ड केलेलं पण इन-इंजिनच असतं. इन-गेम म्हणजे थोडं जवळचं, पण त्यात गोष्ट सांगणारे कटसीन पण येतात, जे आपण नुसते बघतो. गेमप्ले म्हटलं तर हातात कंट्रोलर घेऊन खेळलेलं, आणि त्यातही कुठल्या मशीनवर ते बघायचं. खाली बारीक अक्षरात 'पीसीवर रेकॉर्ड केलेलं' असं असेल आणि तुमच्याकडे जुना कन्सोल असेल तर तो ट्रेलर तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

म्हणजे मुद्दाम फसवतात का?

कधी हो, कधी नाही, आणि कधी त्यांनाच माहीत नसतं आपण काय बनवतोय. तिन्ही प्रकार सांगतो.

२००५ च्या ई-३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात सोनीने किलझोन २ चा ट्रेलर दाखवला, प्लेस्टेशन ३ अजून बाजारात पण नव्हता, आणि लोक वेडे झाले की अरे असा दिसणार गेम! तो सगळा आधी रेंडर केलेला होता, म्हणजे 'गेम असा दिसावा' असं टीमसाठी बनवलेलं चित्र. मग तो बनवणाऱ्या गरिला गेम्सवाल्यांना त्या ट्रेलरच्या मागे धावावं लागलं आणि गेम आला थेट २००९ मध्ये. गंमत म्हणजे तो बऱ्यापैकी तसा दिसला. पण असं सगळ्यांना जमत नाही.

दुसरा प्रकार एलियन्स: कलोनियल मरीन्स, फेब्रुवारी २०१३. डेमोत सुंदर अंधार, भिंतीवरून सरकणारे एलियन, आणि हातात आलेल्या गेममध्ये एलियन शाळेच्या पीटीच्या तासासारखे सरळ रेषेत पळत तुमच्याकडे येतात. अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला, गेम विकणाऱ्या सेगाने २०१४ मध्ये साडेबारा लाख डॉलर देऊन मिटवायची तयारी दाखवली. ब्रिटनच्या जाहिरात नियामकापुढे पण त्यांना मान्य करावं लागलं की ट्रेलर आणि गेम जुळत नाहीत. आणि २०१८ मध्ये अजून एक गोष्ट सगळीकडे पसरली की गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडला होता, तेवढं एक अक्षर खोडलं की एलियन जरा अकलेने वागायला लागतात. एक अक्षर! पाच वर्षं कुणाला दिसलं नाही. मी दुकानात हे वाचून एकटाच हसत होतो, गिऱ्हाईक बघतंय याला काय झालं.

तिसरा प्रकार अँथम. २०१७ च्या ई-३ मध्ये असा डेमो की माझा भाऊ त्याच रात्री पैसे साठवायला लागला. २०१९ च्या फेब्रुवारीत गेम आला, एप्रिलमध्ये आतली हकीकत छापून आली, तर त्यातून कळलं की डेमोच्या वेळेला गेम जवळजवळ बनलेलाच नव्हता आणि टीममधल्या बऱ्याच जणांना आपण काय बनवतोय हे तो डेमो बघूनच समजलं. नाव पण ऐन वेळी बदललं, आधीच्या नावाचे टी-शर्ट छापून झाले होते म्हणे. याला फसवणूक म्हणायचं की गोंधळ, मला अजून ठरवता येत नाही. बाकी जानेवारी २०२६ मध्ये त्याचे सर्व्हर पण बंद झाले, म्हणजे आता विकत घेतलेला माणूस पण खेळू शकत नाही.

वॉच डॉग्जवरून एवढं भांडण का झालं होतं?

कारण तिथे चोर सापडला असं लोकांना वाटलं. जून २०१२ मध्ये डेमो दाखवला, ओला रस्ता, उडणारे कागद, हेडलाइटचा प्रकाश. तेव्हा प्लेस्टेशन ४ ची घोषणा पण झाली नव्हती, ती झाली २०१३ च्या फेब्रुवारीत. म्हणजे डेमो एका अंदाजावर बनवलेला होता. मे २०१४ मध्ये गेम आला तर जरा फिका, ठीक आहे, समजू शकतो. पण पुढच्याच महिन्यात एका मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइल्समध्ये स्वतःच बदल करणाऱ्याने, शोधून काढलं की डेमोतले बरेच इफेक्ट गेमच्या फाइल्समध्ये तसेच पडलेले आहेत, नुसते बंद करून ठेवलेत, आणि चालू केले तर पीसीवर चालतात पण. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टचं म्हणणं की गेम नीट चालावा म्हणून ते काढले. असेल पण. मी स्वतः तो मॉड टाकून बघितला, सुंदर दिसत होता आणि मधेच अडकत पण होता, त्यामुळे मला दोघांचं थोडं थोडं पटतं. पुढे २०१५ मध्ये त्यांच्याच मोठ्या साहेबांनी सांगितलं की आता डेमो ज्या मशीनवर गेम विकणार त्याच मशीनवर चालवून दाखवायचा असं ठरवलंय. म्हणजे आधी तसं नव्हतं, हे आपण आपलं समजून घ्यायचं.

स्पायडरमॅनच्या डबक्याचा काय किस्सा होता?

२०१८ चा गेम. आधीच्या डेमोत एका ठिकाणी पाण्याचं मोठं डबकं, नंतरच्या फोटोत छोटं. झालं, इंटरनेट पेटलं. बनवणाऱ्यांनी सांगितलं की डबक्याची साइज बदलली, बाकी काही नाही, आणि नंतर गेमच्या फोटो मोडमध्ये डबक्याचे स्टिकर टाकून दिले, घ्या लावा हवी तेवढी डबकी. मला हे उत्तर फार आवडलं. डबक्यासाठी भांडू नका रे.

मग भांडायचं कशासाठी?

माझा साधा हिशोब आहे. ग्राफिक्स कमी झालं तर माफ. जी गोष्ट गेममध्ये करता येईल म्हणून सांगितली ती नसेल तर माफ नाही. पाणी जरा कमी चमकलं म्हणून गेम खेळायची मजा जात नाही, पण 'मित्राबरोबर खेळता येईल' म्हणालात आणि मित्र दिसतच नाही तर मी पैसे कशाचे दिले?

नो मॅन्स स्काय या ग्रहाग्रहांवर फिरायच्या गेममध्ये अगदी असंच झालं. डिसेंबर २०१३ मध्ये पहिला ट्रेलर, बनवणारे गिल्डफर्डचे मोजके लोक, त्याच महिन्यात त्यांच्या ऑफिसात पूर येऊन सामान बुडालं होतं, बिचारे. पण पुढची अडीच वर्षं मुलाखतीत जे विचारलं त्याला साधारण 'हो' म्हणत गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून त्याच ग्रहावर त्याच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत. ब्रिटनच्या नियामकाकडे २३ तक्रारी गेल्या, त्यांनी नोव्हेंबरात कंपनीला निर्दोष सोडलं, कारण ग्रह आपोआप बनतात त्यामुळे ट्रेलरमधलाच ग्रह नाही पण त्या जातीचं काहीतरी गेममध्ये सापडतं. जाहिरातीच्या कायद्याने बरोबर असेल, पण लोकांचा राग मुलाखतीतल्या शब्दांवर होता आणि नियामकाने तपासली ती स्टोअरच्या पानावरची जाहिरात.

पुढचं पण सांगायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. ते लोक गप्प बसले आणि काम करत राहिले, जुलै २०१८ च्या अपडेटमध्ये नीट मल्टीप्लेअर, म्हणजे दुसऱ्यांबरोबर खेळणं, आलं, नंतर किती काय काय आलं, सगळं फुकट. आज तो गेम मी डोळे झाकून घ्या म्हणून सांगतो. सराफ्यात दहीवडा हवेत उडवून झेलतात तो बघायला आधी गर्दी होते, पण लोक परत येतात ते दहीवडा चांगला असतो म्हणून. यांनी आधी उडवला, दहीवडा दोन वर्षांनी बनवला, पण बनवला.

सायबरपंकला पण तोच नियम?

हो, आणि तिथे दोन्ही झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये ४८ मिनिटांचा गेमप्ले टाकला, त्यावर 'काम चालू आहे' असं लिहिलेलं होतं हे खरं. त्यात भिंतीवर चढणं होतं, ते नंतर काढलं आणि २०२० मध्ये गेम यायच्या आधी तसं सांगितलं पण, म्हणून त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार अशी की डिसेंबर २०२० मध्ये गेम यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीवाला दिला आणि जुन्या प्लेस्टेशन ४ वर कसा चालतो ते कुणाला नीट दाखवलंच नाही. आठवड्यात सोनीने गेम स्टोअरमधून काढला, परत आला तो जून २०२१ मध्ये. ट्रेलरमध्ये खोटं दाखवण्यापेक्षा खरं न दाखवणं जास्त सोपं असतं, पकडायला पण कठीण.

कथेसाठी खोटं दाखवलं तर?

ते मला चालतं, उलट आवडतं. मेटल गियर सॉलिड २ च्या ट्रेलर्समध्ये सगळीकडे स्नेक, म्हणजे आधीच्या भागाचा हिरो, आणि २००१ मध्ये गेम हातात आला तर थोड्या वेळाने भलताच हिरो, शेवटपर्यंत. लोक चिडले होते तेव्हा. लास्ट ऑफ असच्या दुसऱ्या भागाच्या ट्रेलरमध्ये पण एका प्रसंगात एक माणूस दाखवलाय आणि गेममध्ये तिथे दुसराच आहे, का ते सांगत नाही, ज्यांनी खेळला नाही त्यांची मजा जाईल. सस्पेन्स नाटकाच्या जाहिरातीत खुनी कोण ते कुणी छापत नाही, सानंदच्या नाटकाला जाताना आपण ते विचारतो का?

आई विचारते: ते पिन ओढून राजाला वाचवायचं, तो गेम सापडतच नाही?

काकू, तो गेम नाहीच आहे. म्हणजे असतो तो आत कुठेतरी कोपऱ्यात, बाकी तुम्हाला सारख्या रंगाच्या गोष्टी जुळवायच्या असतात. प्लेरिक्स कंपनीच्या होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशाच जाहिराती २०२० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या नियामकाने दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या. तरी असल्या जाहिराती तुमच्या फोनवर रोज येऊन राहिल्यात, मला पण येतात. त्यात तो माणूस मुद्दाम चुकीची पिन ओढतो, की तुम्हाला वाटावं अरे मी यापेक्षा बरा खेळलो असतो. तीच ट्रिक आहे. आणि आईला म्हणावं त्यात पैसे घालू नको, मागच्या वेळेला ८९ रुपयांची नाणी घेतली होती ते मला माहीत आहे.

फौजीने आपल्याला फसवलं होतं का?

इथे मी उलट्या बाजूला आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला, दोन दिवसांत फौजीची घोषणा, मग सगळ्यांनी आपल्या मनानेच ठरवलं की देशी पबजी येतोय. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला टीझर आला त्यात गलवानची हातापायीच दिसत होती. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला, त्यात तीच हातापायी, आणि लोकांनी एक-एक स्टार दिले की बंदूक कुठे आहे. गेम साधाच होता, मला काही खास वाटला नाही, पण टीझरने तरी खोटं सांगितलं नव्हतं. भूक आपली होती.

ट्रेलर यूट्यूबवर मस्त दिसतो, माझ्या पीसीवर तोच गेम धुरकट का?

दुकानात रोजचा प्रश्न. बहुतेक वेळा ट्रेलर खूप मोठ्या रिझोल्यूशनमध्ये काढून मग छोटा केलेला असतो, त्यामुळे कडा तलवारीसारख्या दिसतात. फोटोंच्या बाबतीत याला बुलशॉट म्हणतात, शिवी वाटते पण बऱ्याच वर्षांपासूनचा शब्द आहे. तुमचा मॉनिटर १०८० पी, कार्ड सहा वर्षं जुनं आणि टेक्स्चर 'लो' वर ठेवलंय, तर दोष ट्रेलरचा नाही, भिया. आधी ते सेटिंग बघा, मग ड्रायव्हर, मग माझ्याकडे या.

पैसे परत मिळतात का?

स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, हो, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो. २०१५ पासून हा नियम आहे आणि रुपयांत घेतलेलं असलं तरी लागू. प्री-ऑर्डर, म्हणजे आधीच पैसे भरून केलेली नोंदणी, तर गेम यायच्या आधी कधीही रद्द होते. फक्त लवकर खेळायला मिळणारी महागडी एडिशन घेतली असेल तर ते आधी खेळलेले तास पण मोजतात, दोन तास तिथेच संपतात. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू करायच्या आधीच काय ते ठरवा, बटण दाबलं की सहसा गेलं.

डिस्कचं विचारू नका. कॉलेजात असताना मी एक गेम घेतला होता, डब्याच्या मागच्या फोटोत रात्रीचं झगमगतं शहर. चार दिवस खेळलो, गेममध्ये रात्र होतच नव्हती. कधीच. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, 'खोललेली सीडी परत नाही होत, आणि दिवसा खेळायला काय वाईट आहे.'

कायदा आहे आपल्याकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळेला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. हेल्पलाइन १९१५. चार हजारांच्या गेमसाठी कोण जाणार म्हणून कुणी जात नाही, पण फोन करायला काही लागत नाही.

प्री-ऑर्डर करू का?

नको. डाउनलोड होणारा गेम संपत नाही, पोहे आहेत का ते, सकाळी दहानंतर मिळणार नाहीत म्हणून लाइन लावायला?

जीटीए ६ चं काय वाटतं? ट्रेलरसारखा असेल का?

रोज कुणीतरी विचारतंच. मे २०२५ च्या दुसऱ्या ट्रेलरबद्दल गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितलं की तो प्लेस्टेशन ५ वर रेकॉर्ड केलाय आणि त्यात अर्धे कटसीन, अर्धा गेमप्ले आहे. मशीनचं नाव घेऊन सांगितलं हे चांगलं लक्षण. पण त्यात स्क्रीनवर नकाशा नाही, गोळ्यांचा आकडा नाही, म्हणजे कुठला शॉट खेळलेला आणि कुठला कटसीन ते कळायला मार्ग नाही. मी काय करणार ते विचाराल तर पहिला आठवडा थांबणार, कुणीतरी साध्या मशीनवर तासभर न कापता खेळलेला व्हिडिओ टाकेल तो बघणार. तुम्ही थांबणार नाही हे पण मला माहीत आहे.

मामा, ट्रेलरपेक्षा चांगला निघालेला गेम आहे का एखादा?

हा प्रश्न भाच्याचा, आणि सगळ्यात चांगला. टायटनफॉल २, ऑक्टोबर २०१६. मला त्याच्या ट्रेलरमधून वाटलं की नेहमीचाच, रोबोट आणि गोळ्या. त्यात बॅटलफील्ड आणि कॉल ऑफ ड्यूटी या दोन मोठ्या गेमच्या बरोबर मध्ये आणून ठेवला, मग कोण घेतो. मी पण सेलमध्ये घेतला, ते पण गिऱ्हाइकाचं नवीन कार्ड तपासायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून. त्यात एक लेव्हल आहे, बटण दाबलं की तीच पडकी इमारत जुन्या काळातली चकचकीत होते, परत दाबलं की पडकी, आणि दोन्ही काळात उड्या मारत पुढे जायचं. कार्ड तपासायला दहा मिनिटं लागतात, मी दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत खेळत बसलो आणि गिऱ्हाईक तीन वेळा फोन करून गेलं. रविवारी ये, लावून देतो.